मिसळ ताटात असू द्या, सिलेंडरात नको

कोल्हापुरात उद्यमनगर, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी, कुठेही जा. फ्रिज-एसी दुरुस्तीच्या बहुतेक दुकानांत मागच्या कोपऱ्यात एखादा असा सिलेंडर असतो, ज्यात नेमकं काय आहे हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. थोडा जुन्या एसीतला आर-२२, थोडा जुन्या फ्रिजमधून काढलेला आर-१२, कधीतरी चुकून गेलेला नव्या एसीतला आर-४१०ए. मशीनमध्ये भरायची हिंमत होत नाही, विकत कुणी घेत नाही, आणि मग एखाद्या रात्री शटर पाडताना व्हॉल्व उघडला जातो. ओझोनचा थर खाणाऱ्या नकोशा गॅसचं करायचं काय, यावर बोलताना सगळे थेट भट्टीवर आणि तापमानावर येतात. पण यातला बराचसा गॅस मुळात नकोसा नव्हताच. एका चुकीच्या होसनं, म्हणजे गॅस भरा-काढायच्या नळीनं, त्याला नकोसा केला.

आधी हिशेब. ओझोन वाचवण्यासाठीचा मॉन्ट्रियल करार १९८७चा, भारत त्यात १९९२ साली सामील झाला. औषधी फवाऱ्यांचा अपवाद सोडला तर आपल्याकडे सीएफसीचं, म्हणजे आर-१२ ज्या गटात मोडतो त्याचं, उत्पादन ऑगस्ट २००८ मध्ये थांबलं. आर-२२ ज्या गटात मोडतो त्या एचसीएफसीची विकसनशील देशांसाठीची कपात २०२५ मध्ये ६७.५ टक्क्यांवर आली, २०३० मध्ये ती ९७.५ टक्के होईल आणि उरलेले अडीच टक्के फक्त दुरुस्तीसाठी २०४० पर्यंत चालतील. गोम अशी की हा करार बंधन घालतो ते उत्पादन, आयात आणि निर्यात यांवर. आधीच मशीनमध्ये भरून बसलेला गॅस गोळा करा, नष्ट करा, अशी सक्ती त्यात नाही. त्यामुळे तुमच्या गल्लीतल्या १६५ लिटरच्या जुन्या फ्रिजमधला शे-दीडशे ग्रॅम आर-१२ कुणाच्याच वहीत नाही. हवेत सोडला तर १०० ग्रॅम आर-१२ हवामानावर साधारण १ टन कार्बन डायऑक्साइडएवढा परिणाम करतो. दीड टनाच्या स्प्लिट एसीत किलोभर आर-२२ असतो, त्याचा हिशेब जातो १.८ टनांवर. ओझोनचं नुकसान मोजायचं तर आर-१२ ला १ धरलं की आर-२२ येतो ०.०५५ वर. म्हणून जुना फ्रिज लहान दिसला तरी त्याला हलक्यात घेऊ नका.

आता ओळख पटवणं. कंपनीची पाटी बघा, पण तिच्यावर विसंबू नका. २००३ च्या आधीचा फ्रिज असेल तर आर-१२ ची शक्यता जास्त. मात्र मधल्या काळात दुरुस्ती झाली असेल तर त्यात आर-१२ च्या जागी आलेला आर-१३४ए असू शकतो किंवा हायड्रोकार्बनचं मिश्रण. पाटी मात्र जुनीच राहते. गॅस सिलेंडरमध्ये आल्यावर तो सावलीत रात्रभर ठेवा, सकाळी त्याच्या पत्र्याचं तापमान मोजा आणि दाब मोजायचं गेज लावा. ३० अंशांना आर-२२ सुमारे १५८ पीएसआय (दाबाचं एकक) दाखवतो, आर-४१०ए सुमारे २६०, आर-१३४ए सुमारे ९७ आणि आर-१२ सुमारे ९३. शेवटचे दोन आकडे बघितलेत? चार पीएसआयचा फरक दुकानातल्या गेजवर दिसत नाही आणि तापमान एक अंश चुकलं तरी तेवढा फरक पडतो. हायड्रोकार्बनचं मिश्रण तर आर-१२ च्या जागी चालावं म्हणूनच बनवलेलं, त्याचा दाबही त्याच्याच जवळ. तेव्हा दाबावरून आर-२२ आणि आर-४१०ए वेगळे ओळखता येतात, आर-१२ आणि आर-१३४ए नाही. तिथे गॅस ओळखणारं हातातलं यंत्रच लागतं. ते दुकानागणिक परवडत नाही, पण दहा-बारा दुकानांत मिळून एक घेता येतं. ते नसेल तर किमान ज्वलनशील वायूचा डिटेक्टर हवाच.

आर-२२ च्या सिलेंडरवर ३० अंशांना १५८ ऐवजी १७५ दिसले तर दोन शक्यता: आत हवा गेलीय किंवा आत आर-४१०ए किंवा आर-३२ मिसळलाय. हवा सिलेंडरच्या वरच्या भागात जमते. सिलेंडर थंड करून वाफेच्या व्हॉल्वमधून अगदी थोडं थोडं सोडलं की दाब जागेवर येतो. तरीही उतरला नाही तर ती भेसळ. तिथेच थांबायचं, उगाच सोडत बसायचं नाही.

फ्रिजमधून गॅस काढताना एकाच ठिकाणी टोचून भागत नाही. कॉम्प्रेसरच्या चार्जिंग ट्यूबवर एक पिअर्सिंग व्हॉल्व (नळी टोचून बसवायचा) आणि दाबाच्या बाजूला, म्हणजे कंडेन्सरकडच्या नळीवर किंवा फिल्टरच्या टोकाला दुसरा. कारण कॅपिलरी, म्हणजे आतली केसासारखी बारीक नळी, तुंबलेली असेल तर एका बाजूचा गॅस दुसरीकडे येतच नाही, खालच्या गेजवर शून्य दिसतं आणि वरच्या बाजूला निम्मा गॅस तसाच राहतो. कॉम्प्रेसर चालू स्थितीत असेल तर आधी दहा-पंधरा मिनिटं चालवा. तेल गरम झालं की त्यात विरघळलेला गॅस सुटतो. चालत नसेल तर कॉम्प्रेसरच्या बुडाला गरम पाण्याचा फडका गुंडाळा. टॉर्च लावायचा नाही, आणि गॅस पूर्ण काढेपर्यंत जवळपास ब्रेझिंगही नको. आर-१२ आणि आर-२२ ज्योतीत गेले की हायड्रोजन क्लोराइड, हायड्रोजन फ्लोराइड आणि थोडा फॉस्जीन तयार होतो. नाकाला झोंबणारा तो वास "गॅसचा वास" म्हणून सोडून दिला जातो. गॅसला तसा वास नसतो, वास जळलेल्या गॅसचा असतो.

रिकव्हरी मशीनने, म्हणजे गॅस ओढून सिलेंडरात भरणाऱ्या यंत्राने, व्हॅक्यूममध्ये पाऱ्याच्या १० इंचांपर्यंत ओढा, मशीन बंद करा, पाच मिनिटं गेजकडे बघत बसा. काटा वर चढला तर तेलातून अजून गॅस येतोय, पुन्हा ओढा. एक जाता जाता: कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, इथे हवेचाच दाब साधारण २८ इंच. चांगला पंप असूनही ३० इंच का येत नाही म्हणून पंप उघडून बसू नका, इथे ३० येणारच नाही. पाटीवर आर-६००ए (ज्वलनशील हायड्रोकार्बन गॅस) आणि ज्वाळेचा पिवळा त्रिकोण असेल तर साधं रिकव्हरी मशीन जोडूच नका. त्यातल्या स्विचच्या ठिणगीला तेवढं निमित्त पुरतं.

स्प्लिट एसी उतरवताना पंप डाउन, म्हणजे सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून कोंडणं, सगळ्यांना येतं. बारीक नळीचा व्हॉल्व एलन कीनं बंद, सक्शनचा काटा शून्याच्या किंचित वर आला की जाड नळीचा बंद, लगेच मशीन बंद. चूक होते ती जास्त ओढण्यात. काटा व्हॅक्यूममध्ये गेला आणि नळी जोडणारा फ्लेअर नट ढिला असला तर कॉम्प्रेसर हवा खेचतो. हवा, तेलाचा धुरळा आणि दाब एकत्र आले की डिझेल इंजिनात होतं तेच होतं. आउटडोअर फुटण्यामागे हे एक ठळक कारण आहे. आणि पंप डाउन म्हणजे गॅस काढणं नव्हे. गॅस आउटडोअरमध्येच असतो, आणि तेच आउटडोअर भंगारात गेलं तर तिथे पहिला घाव तांब्याच्या नळीवरच बसतो. भंगारात द्यायच्या मशीनचा गॅस तिथल्या तिथे सिलेंडरमध्ये घ्या.

सिलेंडरबद्दल तडजोड नाही. एकदाच वापरायचे पातळ पत्र्याचे सिलेंडर पुन्हा भरायचे नाहीत. त्यांची पुन्हा दाबचाचणी होत नाही, आतून गंजले तरी बाहेरून कळत नाही. रिकव्हरीचा सिलेंडर दोन व्हॉल्वचा हवा, दर पाच वर्षांनी चाचणी झालेला, चाचणीची तारीख खांद्यावर ठोकलेली. आर-४१०ए साठी जास्त दाबाचा वेगळा. भरताना वजनकाटा खालीच हवा. हिशेब सोपा आहे: पाण्याची क्षमता लिटरमध्ये, गुणिले ०.८, गुणिले २५ अंशांना द्रवाची घनता. आर-२२ ची घनता १.१९, आर-१२ ची १.३१, आर-१३४ए ची १.२१, आर-४१०ए ची १.०६. म्हणजे १३ लिटरच्या सिलेंडरात आर-२२ मावतो १२.४ किलो, आर-४१०ए फक्त ११. "अजून थोडा बसतोय" म्हणून ९० टक्के भरला तर ५० अंशांच्या थोडं पुढे द्रव फुगून सिलेंडर काठोकाठ भरतो, वाफेला जागाच उरत नाही, आणि त्यानंतर प्रत्येक अंशाला दाब उसळतो. मे महिन्यात उन्हात उभ्या बंद टेम्पोत एवढी उष्णता सहज होते.

आता मिसळीचा हिशेब. पाव इंची होसचं भोक साधारण पाच मिलिमीटर. दीड मीटरच्या एका होसमध्ये द्रव भरलेला राहिला तर ते २९ मिलिलिटर, आर-४१०ए असेल तर ३१ ग्रॅम. पुनर्शुद्ध केलेला आर-२२ नव्याच्या तोडीचा मानायचा तर एएचआरआय-७०० या मानकाप्रमाणे त्यात दुसरे वायू अर्ध्या टक्क्याच्या वर चालत नाहीत. १२.४ किलोचा अर्धा टक्का म्हणजे ६२ ग्रॅम. दोन होस! आधीच्या कामाचा आर-४१०ए दोन होसमध्ये तसाच राहिला आणि आर-२२ च्या भरलेल्या सिलेंडरला जोडला, की एवढ्यानं तो सिलेंडर मानकाच्या काठावर येतो. फ्रिजच्या कामात तर अजून वाईट, तिथे मुळात गॅसच १०० ग्रॅम.

म्हणून गॅस बदलताना रिकव्हरी मशीन स्वतःला रिकामं करेपर्यंत चालवा, फिल्टर ड्रायर बदला, होस आणि मॅनिफोल्ड (गेज-व्हॉल्वचा संच) व्हॅक्यूम पंपानं ओढून घ्या, मगच दुसरा सिलेंडर लावा. प्रत्येक गॅसचे होस वेगळे ठेवले तर उत्तम, रंगीत टेप गुंडाळली तरी पुरतं. जळालेल्या कॉम्प्रेसरचा गॅस चांगल्या गॅसमध्ये कधीच नको. तेल काळं, वास उग्र, आम्लाच्या चाचणीत रंग बदलला, तर तो "जळका" म्हणून वेगळ्या सिलेंडरात. मिसळलेला आर-२२ आणि आर-४१०ए वेगळा करायला ऊर्ध्वपातनाचा मनोरा लागतो, फिल्टरनं ते होत नाही. आर-१२ आणि आर-१३४ए तर एका ठरावीक प्रमाणात असे जुळतात की वाफेत आणि द्रवात दोन्हींचं प्रमाण सारखंच राहतं, साध्या ऊर्ध्वपातनानंही ते सुटत नाहीत. तो सिलेंडर थेट जाळायच्या रांगेत.

उलट बाजूनं, स्वच्छ आर-२२ ला कचरा समजू नका. दुरुस्तीसाठी तो अजून चालतो, कपात वाढेल तशी त्याची किंमत वाढणार. ज्या मालकाच्या मशीनमधून काढला, त्याच्याच दुसऱ्या मशीनमध्ये फिल्टर करून, हवा काढून भरता येतो. अनोळखी माणसाकडून स्वस्तात "आर-१३४ए" मिळत असेल तर मात्र सावध. बाजारात आर-४०, म्हणजे मिथाइल क्लोराइड मिसळलेला बनावट माल सापडलेला आहे. तो ॲल्युमिनियमशी लागून असं संयुग बनवतो जे हवा लागताच पेट घेतं. २०११ मध्ये जहाजावरच्या शीतकंटेनरांचे जे स्फोट झाले त्यामागे हेच होतं. असा गॅस रिकव्हरी सिलेंडरमध्ये आला तर तो सिलेंडरही संशयित. आणि नळ्या धुवायला आर-१४१बी वापरणं सोडा, तोही ओझोनला खातो. कोरडा नायट्रोजन पुरेसा आहे.

आता भट्टी. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत हा विषय काढला की कुणीतरी हटकून विचारतो, "आमच्या कुपोलात (बीड वितळवायच्या कोळशाच्या भट्टीत) दीड हजार अंश असतात, सोडा की त्यात!" प्रश्न रास्त आहे, उत्तर मात्र नाही असंच. तापमान ही एकच अट नाही. एक किलो आर-२२ पूर्ण जळला तर सुमारे ४२० ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड आणि ४६० ग्रॅम हायड्रोजन फ्लोराइड बाहेर पडतं. ते मारायला किमान १.२८ किलो भिजवलेला चुना लागतो, प्रत्यक्षात त्याहून जास्त. कुपोलाच्या धुराड्यात तसं धुण्याचं यंत्र नसतं. फ्लोराइड भट्टीच्या अस्तरातली सिलिका खातं, बॅग फिल्टरच्या पिशव्या खातं. कुपोलात हवेचा जोर आणि कोळशाचा थर बदलत राहतो, गॅस किती वेळ किती तापला याची खात्री नाही. वर जाताना धूर ४५० ते २०० अंशांच्या पट्ट्यातून हळूहळू थंड झाला तर क्लोरीनपासून डायॉक्सिन बनतात, म्हणजे एक घातक पदार्थ घालवून दुसरा बनवला. इंडक्शन भट्टीचा तर प्रश्नच येत नाही, तिथे धातू तापतो, गॅस कोंडून जाळायला जागाच नाही. गुऱ्हाळाचं चुलवाण आणि वीटभट्टी यांबद्दल बोलायलाच नको.

नष्ट करण्याची आंतरराष्ट्रीय कसोटी अशी: शुद्ध गॅस असेल तर ९९.९९ टक्के नाश, फोममध्ये अडकलेला असेल तर ९५ टक्के, आणि धुरातली आम्लं, डायॉक्सिन मोजलेली. प्लाझ्मा, फिरत्या भट्ट्या, सिमेंटची भट्टी हे मान्य मार्ग. गरीब देशांसाठी सिमेंटची भट्टी सगळ्यात व्यवहार्य, कारण ती आधीपासून उभी असते. ज्योत २००० अंशांच्या आसपास, क्लिंकर (सिमेंटचा भाजलेला कच्चा खडा) १४५० अंशांना, आणि आतला सगळा मालच चुन्याचा, आम्लं तिथेच बांधली जातात. इंडोनेशियात नारोगोंगच्या सिमेंट कारखान्यात हे काम झालेलं आहे. अडचण क्लोरीनची. आर-१२ च्या वजनात ५८.६ टक्के क्लोरीन आहे, आर-२२ मध्ये ४१ टक्के. क्लोरीन जास्त गेलं की प्रीहीटरच्या सायक्लोनमध्ये, म्हणजे कच्चा माल आधी तापवणाऱ्या भागात, चिकट थर धरतो, वाट बुजते, भट्टी थांबवावी लागते. म्हणून गॅस मुख्य बर्नरमधून मोजून, संथपणे सोडतात आणि कारखानदार आधी विचारतो ते हेच: एकूण किती, दर तासाला किती, आणि आत नेमकं काय. "मिक्स गॅस, अंदाजे दहा किलो" हे उत्तर घेऊन गेलात तर फाटकातूनच परत याल.

कोल्हापुरात अशी सोय नाही. सिमेंटचा पट्टा कर्नाटकात बागलकोट-कलबुर्गीकडे आणि आपल्याकडे चंद्रपूरला. घातक कचऱ्याची केंद्रं तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीला. सिलेंडर गाडीत घालण्याआधी तिथून लेखी होकार घ्या की दाबाखालचा हॅलोजनयुक्त गॅस ते घेतात. सोबत गॅसच्या घटकांचा प्रयोगशाळेचा अहवाल, निव्वळ वजन, सिलेंडरची क्षमता, चाचणीची तारीख आणि व्हॉल्वचा आटा कुठला हे द्या. शेवटच्या गोष्टीवरून किती खेपा फुकट जातात! वाहतुकीची कागदपत्रं २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे, त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयात आधी विचारा. काढलेलं तेलही त्याच नियमांत येतं, गटारात नाही. एकट्या दुकानाला हे झेपत नाही. १३ लिटरच्या सिलेंडरात आर-१२ मावतो साडेतेरा किलो, म्हणजे १०० ग्रॅमच्या हिशेबानं सव्वाशेच्या वर फ्रिज. एका गॅसला एक सिलेंडर ठरवून आठ-दहा दुकानांनी तो फिरवला तरच तो कधी भरेल. देशांच्या पातळीवरही हेच रडगाणं आहे. नेपाळनं जप्त केलेला सीएफसी वर्षानुवर्षं गोदामात सांभाळला आणि शेवटी जाळायला अमेरिकेला पाठवला. साठा एका जागी, एकाच गॅसचा होता म्हणून ते जमलं.

फोम विसरला जातो. जुन्या फ्रिजच्या भिंतीतला पिवळा फोम आर-११ नं फुगवलेला असतो आणि त्यातला गॅस कॉम्प्रेसरकडच्या गॅसपेक्षा जास्त असतो. भंगारात पत्रा सोडवायला फोम हातोड्यानं कुटतात, तिथेच तो उडतो. करवतीनं कमीत कमी काप देऊन भिंती अखंड तुकड्यांत काढा, जाड प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळा आणि ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत केंद्राला द्या.

आणि पूर. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेनं जे फ्रिज भिजवले तसे पुन्हा आले तर त्यांचा कॉम्प्रेसर गरम करण्यासाठी चालू करू नका, वायरिंगमध्ये पाणी असतं. नळी तुटलेली असेल तर आत गॅस उरलेलाच नाही, आलंय ते चिखलाचं पाणी. मशीन जोडलंत तर ते पाणी रिकव्हरी मशीनमध्ये ओढलं जाईल. आधी नळ्या तपासा, नुसतं गेज लावून दाब बघा. दाब असेल तरच काढा, वेगळ्या सिलेंडरात, "पुराचा, ओला" असं लिहून, आणि काम झालं की मशीनचा ड्रायर बदला. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागलं की दुकानातले सिलेंडर वरच्या मजल्यावर न्या. न्यायला जमलं नाही तर व्हॉल्वला टोपी घालून साखळीनं भिंतीला बांधा. अर्धा रिकामा सिलेंडर पाण्यावर तरंगतो, आणि वाहून गेलेल्या सिलेंडरवरचं लेबल पहिल्यांदा निघतं, म्हणून गॅसचं नाव खांद्यावर ऑइल पेंटनं लिहा.